कारखान्याची वीज आणि कामगाराची पाळी

पुण्याच्या ईशान्येला, आळंदी रस्त्यावर आमची विश्रांतवाडी आहे. येथून कळस, दिघी ओलांडून पुढे गेले की भोसरीची औद्योगिक वसाहत लागते. सकाळी सहाच्या सुमारास आमच्या चौकात उभे राहिले तर डबा हातात घेऊन वाहनाची वाट पाहणारी माणसे दिसतात. आठवड्यातून एक दिवस ही गर्दी ओसरते. नव्या माणसाला वाटते की तो दिवस रविवार असणार. तो रविवार नव्हे, गुरुवार आहे.

पिंपरी, चिंचवड आणि भोसरी या भागांतील बहुतेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. याचे कारण कोणत्याही धर्मात किंवा पंचांगात सापडणार नाही. ते विजेच्या तारेत सापडते. सगळ्या कारखान्यांनी एकाच दिवशी सुट्टी घ्यावयाची आणि उरलेले सहा दिवस सगळ्यांनी एकदम वीज ओढावयाची, हे तुटवड्याच्या दिवसांत परवडणारे नव्हते. म्हणून निरनिराळ्या औद्योगिक वसाहतींना निरनिराळे वार वाटून देण्यात आले. आमच्या वाट्याला गुरुवार आला. माझी मुले शाळेत होती तेव्हा त्यांची सुट्टी रविवारी आणि माझी गुरुवारी. रविवारी मी कामावर, गुरुवारी ती शाळेत. लग्नकार्य, नातेवाईक, सभा, सगळे रविवारी. आणि बाप यंत्रावर. राज्याचे विजेचे धोरण कामगाराच्या घरात कोठपर्यंत शिरते हे मला कोणत्याही पुस्तकाने शिकवले नाही, गुरुवारने शिकवले.

माझे शालेय शिक्षण दहावीच्या अलीकडेच थांबले. विजेचा कायदा मी वाचावयास घेतला तो बिल समजावे म्हणून, आणि पुढे युनियनच्या कामात तो उपयोगी पडत गेला. कारखानदारांच्या संघटना गेली कित्येक वर्षे सरकारकडे आणि वीज आयोगाकडे एकच मागणी करीत आल्या आहेत: वीज खात्रीची द्या आणि परवडेल अशा दराने द्या. ही मागणी मालकांची आहे म्हणून कामगारांनी तिच्याकडे पाठ फिरवावी, असे माझ्या क्षेत्रातील काही मित्रांना वाटते. मला तसे वाटत नाही. पण मालकांनी मागितले म्हणून डोळे मिटून मान डोलवावी, असेही मला वाटत नाही. या दोन्हींच्या मधली वाट कोणती, ते सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम ‘खात्रीची’ हा शब्द घेऊ. घरात वीज गेली की पंखा थांबतो. आली की पुन्हा फिरू लागतो. कारखान्यात असे होत नाही. लेथवर जॉब अर्धा कापून झाला आहे आणि वीज गेली, तर टूल जॉबमध्ये रुतून बसते, त्याची धार तुटते आणि बहुधा तो जॉब भंगारात जातो. संगणकावर चालणारे यंत्र असेल तर पुन्हा शून्यापासून मापे जुळवावी लागतात. प्लॅस्टिकच्या मोल्डिंग यंत्रात वितळलेला माल थिजतो आणि तो काढण्यात अर्धी पाळी जाते. भट्टीतील माल तर तापमान उतरले की वायाच गेला असे समजावे. म्हणजे तारेतील वीज दोन मिनिटे गेली तरी कारखान्यातले काम तास-अर्धा तास जाते. बिलात त्या दोन मिनिटांची नोंद कोठेच नसते, कारण जी वीज आली नाही तिचे युनिट मीटरवर पडत नाही.

हा तास-अर्धा तास कोणाच्या खात्यावर जातो? मोठ्या कारखान्यात तो मालकाच्या खात्यावर जातो. छोट्या कारखान्यात, जेथे पीस रेटवर काम चालते, तेथे तो सरळ कामगाराच्या खात्यावर जातो. मालेगावच्या यंत्रमागावरचा विणकर घ्या. त्याची मजुरी कापडाच्या मापावर. माग थांबला की मजुरी थांबली. पण तो मागापाशीच बसून राहतो, कारण वीज केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही. 2005 सालच्या सुमारास मी भोसरीतील एका लहान वर्कशॉपमध्ये होतो. तेथे रिवाज असा पडला होता की वीज गेलेल्या वेळेची भरपाई पाळी संपल्यावर थांबून करून द्यावयाची, आणि त्या जादा वेळेला ओव्हरटाइम म्हणावयाचे नाही. आम्ही बारा-तेरा जण होतो. विचारले तर उत्तर मिळे, ‘वीज मी घालवली का?’ खरे आहे, त्यांनी घालवली नव्हती. आम्हीही घालवली नव्हती.

येथे कायदा काय म्हणतो ते सांगितले पाहिजे. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात लेऑफची जी व्याख्या होती, तिच्यात कोळसा, वीज किंवा कच्चा माल यांच्या टंचाईमुळे काम देता न येणे, असे स्पष्ट शब्द होते. नोव्हेंबर 2025 मध्ये त्या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली. तिच्याही व्याख्येत वीज हा शब्द कायम आहे. म्हणजे विजेच्या टंचाईमुळे कामगार घरी बसतो ही गोष्ट कायदे करणाऱ्यांना सत्तर वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे. परंतु लेऑफच्या भरपाईची तरतूद पन्नास आणि त्याहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांना लागू. आमच्यासारख्या बारा-तेरा जणांना तिचा काही उपयोग नव्हता. म्हणून मी म्हणतो की लहान कारखान्यातील कामगाराला भरपाईच्या कायद्यापेक्षा न जाणारी वीज अधिक मोलाची आहे.

याचा अर्थ वीज ही आपोआप कामगाराची कैवारी होते, असा मात्र नाही. मुंबईच्या गिरण्यांत 1905 च्या सुमारास विजेचे दिवे सर्रास आले. त्याआधी सूर्य मावळला की गिरणी थांबे. दिवे आल्याबरोबर गिरण्या चौदा-चौदा, पंधरा-पंधरा तास चालू लागल्या; आणि शेवटी 1911 च्या फॅक्टरी कायद्याने प्रौढ गिरणी कामगाराच्या दिवसाला बारा तासांची मर्यादा घालावी लागली. दिवा लागला म्हणून दिवस लांबला, हा इतिहास आम्ही विसरत नाही.

आता तुटवडा आला कोठून, ते थोडक्यात पाहू. महाराष्ट्र राज्य स्थापन झाले त्याच वर्षी, 1960 साली, राज्य वीज मंडळ स्थापन झाले. कोयनेची वीज आली, औष्णिक केंद्रे उभी राहिली, आणि बराच काळ आपले राज्य विजेच्या बाबतीत सुस्थितीत समजले जाई. 1992 नंतर एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाचे प्रकरण आले. ते सर्वांना माहीत आहे, त्यामुळे त्याचा पाल्हाळ लावत नाही. 740 मेगावॉटचा पहिला टप्पा 1999 मध्ये सुरू झाला, त्याची वीज मंडळाला झेपेना, आणि 2001 मध्ये तो बंद पडला. या सगळ्या भरवशावर राहिल्याने दुसरी पुरेशी केंद्रे उभी राहिली नाहीत. मागणी मात्र वाढतच राहिली. 2003 साली नवा वीज कायदा आला, 2005 साली मंडळाचे विभाजन होऊन निर्मिती, पारेषण आणि वितरण अशा वेगळ्या कंपन्या झाल्या; आणि नेमक्या त्याच काळात राज्यात सुमारे चार हजार मेगावॉटची तूट उभी राहिली. ग्रामीण भागात बारा-बारा तासांचे भारनियमन होऊ लागले. ज्या फीडरवर गळती आणि थकबाकी जास्त, त्याला अंधार जास्त, असा नियम वीज आयोगाने ठरवून दिला होता. पुण्यात वसुली बरी होती, म्हणून येथे अंधाराचे तास कमी, पण होतेच.

या ठिकाणी पुण्याच्या कारखानदारांनी जे केले, ते समजून घेण्यासारखे आहे. पुण्याला कारखानदारांच्या संघटनेची परंपरा जुनी आहे, अ. रा. भट यांच्या पुढाकाराने मराठा चेंबर 1934 साली स्थापन झाले. परंतु 2006 सालची योजना मांडली ती कॉन्फेडरेशन ऑफ इंडियन इंडस्ट्रीच्या पुणे शाखेने, आणि तीत प्रदीप भार्गव यांचा मोठा वाटा होता. पुढे ती ‘पुणे मॉडेल’ या नावाने देशभर ओळखली गेली.

कल्पना अशी. वीज साठवून ठेवता येत नाही. ज्या क्षणी जितकी मागणी, त्या क्षणी तितकीच निर्मिती असावी लागते. पुणे शहराला भारनियमनातून सोडवावयाचे तर ऐन मागणीच्या तासांत सुमारे 90 मेगावॉटची उणीव भरून काढणे आवश्यक होते. आता तुटवड्याला कंटाळून मोठ्या कारखान्यांनी आपापल्या आवारात डिझेलचे जनरेटर बसवून ठेवले होते. वीज गेली की ते चालू होत. एरवी ते झाकून ठेवलेले. कारखानदारांनी सांगितले की ऐन मागणीच्या वेळी आम्ही आमचे जनरेटर चालवू आणि तेवढी वीज तारेतून घेणार नाही. आम्ही न घेतलेली ती वीज शहराला द्या. नवे धरण नाही, नवी चिमणी नाही, नवी तार नाही. जे यंत्र आधीच पडून आहे ते योग्य वेळी फिरवावयाचे, एवढीच गोष्ट.

पण डिझेलची वीज महाग. एक लिटर डिझेलमधून साधारण साडेतीन युनिट वीज निघते. त्या वेळच्या भावाने हा खर्च युनिटला दहा-अकरा रुपयांच्या घरात जात होता. आणि तारेतून येणारी कारखान्याची वीज चार रुपयांच्या आसपास होती. हा मधला फरक कोण भरणार? कारखानदार म्हणाले, फरक आम्हाला मिळाला पाहिजे. आम्ही शहरासाठी करतो आहोत. हे प्रकरण वीज नियामक आयोगापुढे गेले. आयोगाने असे ठरवले की ज्या घरांचा वापर महिन्याला 300 युनिटांपेक्षा अधिक आहे, त्यांच्याकडून युनिटमागे 42 पैसे खात्रीच्या पुरवठ्याचा आकार म्हणून घ्यावेत. जून 2006 पासून पुणे भारनियमनातून सुटले. साठ-सत्तर युनिट जाळणाऱ्या आमच्या वस्तीतील घराला यात एक पैसाही भरावा लागला नाही आणि दिवा मात्र चालू राहिला. साडेतीनशे युनिट जाळणाऱ्या बंगल्याला महिना दीडशे रुपयांच्या आत जादा पडले. इन्व्हर्टरच्या बॅटरीचा खर्च यापेक्षा अधिक होता. पुढे ही पद्धत ठाणे, नवी मुंबई या शहरांतही वेगवेगळ्या रूपांत गेली, आणि डिझेलऐवजी बाजारातून महाग वीज विकत घेऊन तूट भरण्याची रीत आली.

मला या योजनेतील सर्वांत मोठी गोष्ट डिझेलची वाटत नाही. खर्च किती, तो कोण देणार आणि त्याच्या बदल्यात काय मिळणार, हे तिन्ही आकडे लोकांसमोर उघडे ठेवले गेले, ही गोष्ट मोठी आहे. कारखानदार मंत्र्यांच्या दालनात जाऊन गुपचूप सवलत मागून आले असते, तर बिल कोणावर तरी पडलेच असते, फक्त ते दिसले नसते.

योजनेवर आक्षेप होते, आणि ते फेकून देण्यासारखे नव्हते. पहिला आक्षेप असा की पुणे उजेडात आणि बारामतीच्या पलीकडचा शेतकरी अंधारात, हा कोणता न्याय? याला उत्तर होते की पुण्याने दुसऱ्याच्या वाट्याची वीज घेतली नाही, आपली उणीव आपण भरली. उत्तर बरोबर आहे, पण पुरे नाही. ज्याच्यापाशी जादा पैसे आहेत त्याने अंधारातून सुटका विकत घ्यावी, हे एकदा रूढ झाले की उरलेल्यांसाठी बोलणारे बळ कमी होते. पुण्याच्या माणसाने तरी हे विसरू नये, कारण मुळशी आपल्या शेजारी आहे. मुंबईच्या गिरण्यांना आणि रेल्वेला वीज हवी म्हणून टाटांच्या धरणासाठी मुळशी पेट्यातील मावळ्यांच्या जमिनी गेल्या, आणि 1921 साली सेनापती बापटांना त्यासाठी सत्याग्रह करावा लागला. वीज खरी होती, स्वच्छ होती, उपयोगी होती. बिल मात्र ज्यांनी भरले त्यांच्या घरात दिवा लागला नाही.

दुसरा आक्षेप आमचा, कामगारांचा. जनरेटर चालले ते कारखान्याच्या आवारात. त्यांचा धूर आणि धडधड आम्ही सोसली. तिचा आकार कोणत्याही बिलात नव्हता.

आणि येथेच मला मुख्य गोष्ट सांगावयाची आहे. 2003 च्या कायद्यात ग्राहकांची बाजू मांडण्यासाठी आयोगाने कोणाला तरी प्रतिनिधी म्हणून अधिकृत करावे, अशी तरतूद आहे. त्या वर्षांतील आयोगाचे आदेश उघडून पाहा. अधिकृत प्रतिनिधी म्हणून चार नावे दिसतात: मुंबई ग्राहक पंचायत, पुण्याचा प्रयास ऊर्जा गट, ठाणे-बेलापूर इंडस्ट्रीज असोसिएशन आणि विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशन. चारांपैकी दोन कारखानदारांच्या संघटना. कामगारांची एकही नाही. याला मी आयोगाला दोष देत नाही. आम्ही गेलोच नव्हतो. आमच्या युनियनच्या कार्यालयात वेतन करारांच्या फायलींनी कपाट भरलेले होते; विजेची एकही फाईल नव्हती.

अभ्यास करून गेलेल्या माणसाचे म्हणणे तेथे ऐकले जाते, याचा पुरावाही आहे. नव्वदच्या दशकात वीज मंडळ आपली गळती पंधरा-सतरा टक्के सांगत असे. उरलेली वीज शेतकऱ्यांच्या पंपांनी खाल्ली, असा हिशेब होता, कारण पंपांना मीटरच नव्हते. आयोगापुढे 2000 सालच्या सुमारास या आकड्यांची उलटतपासणी झाली, तीत प्रयासच्या मंडळींनी पुष्कळ श्रम घेतले, आणि गळती तीस टक्क्यांच्या वर असल्याचे निघाले. म्हणजे चोरी आणि नादुरुस्ती यांचे ओझे इतकी वर्षे शेतकऱ्याच्या नावावर लिहिले जात होते. ‘शेतकऱ्यामुळे कारखान्याची वीज महाग’ असे वाक्य ऐकले की मला हा हिशेब आठवतो.

आजची स्थिती वेगळी आहे. 2006 सारखा तुटवडा राहिलेला नाही. भांडण आता दराचे आहे. कारखान्याच्या बिलात अनेक आकार असतात: मंजूर मागणीवरचा स्थिर आकार, प्रत्यक्ष युनिटांचा आकार, तारेतून वाहून आणण्याचा वहन आकार, इंधनाच्या भावाप्रमाणे वरखाली होणारा आकार आणि शासनाचे वीज शुल्क. शिवाय कारखान्याच्या दरात शेतीपंपांचा आणि लहान घरगुती ग्राहकांचा काही भार मिसळलेला असतो. त्याला क्रॉस सबसिडी म्हणतात. शेजारच्या राज्यांपेक्षा आमची वीज महाग पडते, अशी कारखानदारांची तक्रार असते, आणि नवा कारखाना कोठे काढावयाचा हे ठरवताना ते हा आकडा पाहतात यात शंका नाही. कारखाना दुसऱ्या राज्यात गेला तर मालक जातो, यंत्र जाते. कामगार येथेच राहतो.

परंतु ‘कारखानदार’ हा एक माणूस नव्हे. मोठ्या कारखान्याला आता ओपन ॲक्सेसचा मार्ग खुला आहे. दूरच्या सौर प्रकल्पाशी करार करून तो वीज आणू शकतो. हरित विजेसाठी ही मर्यादा 2022 च्या केंद्राच्या नियमांनी 100 किलोवॉटपर्यंत खाली आणली. भोसरीतील दहा-पंधरा अश्वशक्तीच्या वर्कशॉपला या मार्गाने जाता येत नाही. भाड्याच्या गाळ्यात असल्यामुळे छपरावर सौर पट्ट्याही बसवता येत नाहीत. मोठा ग्राहक वितरण कंपनीच्या तारेवरून निघून गेला की तो जो भार उचलीत होता, तो उरलेल्यांवर पसरतो. उरलेले म्हणजे लहान वर्कशॉप, पिठाची गिरणी, इस्त्रीचे दुकान आणि तुम्ही-आम्ही. जाणाऱ्याकडून अधिभार घेतला जातो, तो किती असावा यावरच आयोगापुढे मोठ्या वकिलांची झुंज चालते. लहान वर्कशॉपच्या मालकाला त्या दिवशी यंत्र बंद ठेवून तेथे जाणे परवडत नाही. म्हणून या एका बाबतीत लहान मालक आणि त्याचा कामगार यांनी एकाच अर्जावर सही करावी, असे माझे मत आहे, आणि ते आमच्या चळवळीत सर्वांना रुचते असे नाही.

शेतीची वीज दिवसा सौर प्रकल्पांतून देण्याची योजना राज्याने 2017 पासून हाती घेतली आहे. युनिटमागे तीन रुपयांच्या घरात पडणारी ही वीज वाढत गेली, तर कारखान्याच्या दरातील शेतीचा भार हलका होऊ शकतो, आणि शेतकऱ्याला रात्री साप-विंचवांत पंप चालू करावयास जावे लागणार नाही. कारखानदारांनी शेतकऱ्याच्या सवलतीवर बोट ठेवण्याऐवजी या योजनेच्या मागे आपले वजन उभे करावे. मात्र वाचलेला पैसा खरोखर दरात उतरतो की नाही, हे आदेशातील तक्त्यांत दरवेळी तपासावे लागेल.

दर ठरवण्याचा प्रस्ताव आला की त्याची जाहिरात वर्तमानपत्रांत मराठीतही येते. त्यावर कोणीही नागरिक लेखी हरकत पाठवू शकतो आणि सुनावणीत उभा राहून बोलू शकतो. वकील लागत नाही. पुण्याची सुनावणी बहुधा कौन्सिल हॉलमध्ये होते. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मागच्या रांगेत बसलो आणि काहीच बोललो नाही. दुसऱ्या वेळी तीन मिनिटे बोललो, त्यातील एक मिनिट घसा साफ करण्यात गेले. पाळीत वीज गेल्याच्या वेळा आम्ही सहा महिने वहीत लिहून ठेवल्या होत्या, त्या मात्र वाचून दाखवल्या आणि वहीची प्रत जोडली.

ती वही अजून चालू आहे. विश्रांतवाडीत आमच्या कार्यालयात गुरुवारी संध्याकाळी आम्ही दहा-बारा जण बिले घेऊन बसतो, घराची आणि वर्कशॉपचीही, आणि एकेक ओळ वाचतो. गुरुवार मोकळाच असतो.